हजेरीत गाळलेलं नाव

४ ऑगस्ट

नोटीस आली तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. आईने पोस्टमनला सही दिली, पाकीट फ्रिजवर ठेवलं आणि वर लिंबांची पिशवी ठेवून दिली. जेवणं होईपर्यंत मला पत्ताच नाही. मग तिला आठवलं.

एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या वकिलाचं पत्र आहे. म्हणणं असं, की माझ्या कादंबरीतले मुख्याध्यापक म्हणजे हेच गृहस्थ. मी त्यांना ओळखून, ठरवून बदनाम केलं. त्यांचे जुने विद्यार्थी आता फोन करून हसतात. तेव्हा पुस्तक बाजारातून मागे घ्या, लेखी माफी मागा, नाहीतर कोर्टात भेटू.

या माणसाला मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. नावसुद्धा आज पहिल्यांदा वाचलं.

रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबांनी नेहमीसारखं मनगटावरचं घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग पुढचा घास घ्यावासाच वाटेना. पित्त वाढलंय बहुतेक, हल्ली जेवताना असं होतं.

बाबा म्हणाले, "तू त्यांच्यावरून लिहिलंयस का?"

"नाही हो. मनाने लिहिलंय."

"मग घाबरतोस कशाला?"

आई ताटं उचलायला लागली, माझं जेवण संपायच्या आत.

५ ऑगस्ट

प्रकाशकांकडे गेलो. त्यांची कचेरी छापखान्याच्या वर आहे. खाली मशीन सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरतो. आज चहापेक्षा प्रकाशक जास्त थरथरत होते. पहिली आवृत्ती संपत आलीय, दुसरीचा कागद येऊन पडलाय, आणि माझ्या दुसऱ्या कादंबरीचा करार त्यांच्या खणात सहीसाठी तयार आहे. म्हणजे परवापर्यंत होता. आज ते खण उघडायचं नावच काढेनात.

"तो हजेरीचा प्रसंग आहे ना," ते म्हणाले, "त्यानेच पुस्तक चाललं आणि त्यानेच आपण अडकलो."

त्या प्रसंगात मुख्याध्यापक स्वतः एका वर्गाची हजेरी घेतात आणि एका मुलाचं नाव गाळतात. दुसऱ्या दिवशी परत गाळतात. मारत नाहीत, ओरडत नाहीत, कारण सांगत नाहीत. पूर्ण सत्र ते मुलाकडे असं बघतात, जसं काही त्या बाकावर कोणी बसलेलंच नाही. हळूहळू वर्गातली मुलंही त्याच्याशी बोलेनाशी होतात. वाचकांची पत्रं आली ती सगळी याच प्रकरणावर. एका बाईंनी लिहिलं होतं की वाचताना त्यांना उठून घरभर दिवे लावावेसे वाटले.

ते पत्र मी कितीदा वाचलं असेन. लेखकाला आणखी काय हवं असतं?

८ ऑगस्ट

वकीलबाईंना भेटलो. तरुण आहेत, भराभर बोलतात, पुस्तक खरोखर वाचलंय. मुख्याध्यापकांशी जुळणाऱ्या गोष्टींवर त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. दोघांच्याही खोलीत माशांची काचपेटी. दोघंही डाव्या पायाने लंगडतात. दोघांच्या शाळेला लागून पाण्याची टाकी.

"काचपेटी कुठून आली?"

"दातांच्या डॉक्टरकडे आहे. तिथे बसलो असताना सुचली."

"लंगडणं?"

"आमच्या जुन्या कंपनीतला रखवालदार."

"हे बरंय, हे सांगता येईल. आता ते घड्याळ. मुलाला समोर उभं करून सर घड्याळ काढून टेबलावर ठेवतात आणि मग बोलतात. ते?"

"सुचलं."

"आणि हजेरी?"

"तीही सुचली."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "असं बघा, काचपेटी शहरात शंभर ठिकाणी असेल. पण ही हजेरी फार खरी वाटते. वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याने हे भोगलंय. समोरचा वकील हेच विचारणार, की हे कुठे पाहिलंत. 'सुचलं' हे उत्तर कोर्टात चालत नाही."

परत येताना मी स्वतःवरच खूश होतो, हे इथे कबूल करायला हरकत नाही. फार खरी वाटते! कंपनीत होतो तेव्हा मिक्सर, इस्त्री, पंप यांच्या खोक्यांत घडी घालून जी माहितीपत्रकं येतात ती मी लिहायचो. माझ्याइतका छापला गेलेला आणि न वाचला गेलेला लेखक दुसरा नसेल. आता मी मनाने रचलेल्या एका माणसासाठी खरा माणूस वकील लावतो. भीती आहेच. पण आत कुठेतरी गुदगुल्याही होतात.

११ ऑगस्ट

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवा डोळा. व्यवस्थित झालं. डोळ्यावर झाकण, चार वेळा थेंब, वाकायचं नाही, बाहेर जायचं नाही, काही दिवस वाचायचं नाही. वाचायचं नाही हे ऐकून त्यांचं तोंड उतरलं. आयुष्यभर वजनमापं निरीक्षक होते. दुकानदाराच्या तराजूचा काटा केसभर हलला तरी त्यांना दिसायचा. आता पेपरचा मथळा दिसत नाही.

१४ ऑगस्ट

परवा बाबांनी आईला सांगितलं, "आता प्रकरण वकिलांपर्यंत गेलंय, तर पुस्तकात आहे तरी काय ते कळू दे. तू वाच, मी ऐकतो."

पुस्तक आल्यापासून त्यांनी ते वाचलं नव्हतं. डोळ्यांमुळे अक्षर हलायचं म्हणे. मी कधी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर ते वाचत नाहीत याचं मला बरंच वाटत होतं. का ते माहीत नाही. मोठ्यांनी आपलं लिहिलेलं वाचलं की संकोच वाटतोच.

दुपारी दार लोटून आई वाचते. मी पलीकडच्या खोलीत नव्या कादंबरीपुढे बसलेला असतो आणि जुनी कानावर पडत राहते. आईचं वाचन म्हणजे भाजीचा हिशोब वाचावा तसं, एका सुरात. आज मध्येच ती थांबली. मग पानं उलटल्याचा आवाज आला.

"दोन पानं का उलटलीस?" बाबांचा आवाज.

"चिकटलीयत."

"सोडव मग."

"नाही सुटत."

प्रकाशकांना सांगायला हवं, दुसऱ्या आवृत्तीत कापणी नीट करून घ्या म्हणून. दुसरी आवृत्ती निघाली तर.

१७ ऑगस्ट

नाही निघणार, असं दिसतंय. रविवारच्या पुरवणीत मुख्याध्यापकांची मुलाखत आली. फोटोत खुर्चीवर ताठ बसलेत, मागे ती काचपेटी. 'ज्या हातांनी घडवलं त्याच हातांवर चिखल' असं मथळ्यात. संध्याकाळपर्यंत दोन दुकानदारांनी पुस्तकं परत पाठवली. ज्या वाचनालयात पुढच्या महिन्यात माझी मुलाखत ठरली होती, त्यांनी 'तूर्तास' पुढे ढकलली. तूर्तास हा फार नम्र शब्द आहे. दार न आपटता लावतो.

जुन्या साहेबांचाही फोन आला. नवीन कूलर येतोय, त्याची पत्रकं लिहायला माणूस हवाय. "तुमची खुर्ची अजून तशीच आहे," म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले. मला मात्र ती रिकामी खुर्ची दिवसभर दिसत राहिली.

नवी कादंबरी एक ओळ पुढे जात नाही. बायकोच्या पगारावर घर चाललंय. तिच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे तिच्या हाताखालून जातात. घरी आल्यावर ती माझ्याकडे बघते तेव्हा मला वाटतं, आता हा सांधा कुठून सोडवायचा याचा अंदाज घेतेय.

२० ऑगस्ट

आज बायकोशी थोडं वाजलं.

ती म्हणाली, "तुझ्या शाळेत असे कोणी सर होते का? आठवून बघ. वकीलबाईंना सांगता येईल."

"आमचे सर म्हणजे गरीब गाय. वर्गात मुलं डबा खायची तरी बघून न बघितल्यासारखं करायचे."

"मग शाळेत नसतील."

"क्लासलाही नव्हते कोणी."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "तुला खरंच दिसत नाहीये?"

"काय दिसायचंय? की मी नोकरी सोडून चूक केली? बोल ना स्पष्ट."

"मी नोकरीबद्दल बोलत नाहीये."

"मग कशाबद्दल?"

"काही नाही. आईंना जरा बघ. हल्ली जेवत नाहीत नीट."

विषय असा आईवर ढकलायची तिची जुनी सवय. मी चिडून बाहेर पडलो, दोन चकरा मारून आलो. चालताना आठवलं, लहानपणी एकदा बाबाही माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. कशावरून ते आठवत नाही. सगळ्यांच्याच घरी असं कधी ना कधी होतं. बायकोशी अबोला धरायचा नाही हे मात्र मी तेव्हापासून ठरवलंय, म्हणून घरी येऊन आधी मीच बोललो.

२२ ऑगस्ट

बाबांनी बोलावून घेतलं. पुस्तक संपलं म्हणे. आई खिडकीशी वळून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"त्या मुलाचं पुढे काय होतं?" बाबांनी विचारलं.

"कुठल्या?"

"ज्याचं नाव घेत नाहीत."

म्हणजे आईने ते प्रकरण वाचलं होतं शेवटी. मी सांगितलं, की पुस्तकात तेवढं नाहीये. पुढचं वाचकावर सोडलंय. सगळं सांगितलं की गोष्ट मरते, वगैरे.

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"माहीत असायची गरज नसते, बाबा."

"आणि तो मास्तर? तो असं का करतो?"

"तशी माणसं असतात. त्यांना धाक दाखवण्यात आनंद वाटतो."

बाबांनी मान हलवली. झाकण नसलेला डोळा जमिनीवर होता. म्हणाले, "आनंद," आणि मग, "बरं."

आवडलं की नाही काही बोलले नाहीत. मी तरी काय अपेक्षा ठेवणार? त्यांना वर्तमानपत्राखेरीज वाचनाची सवय नाही. तरी वाईट वाटलं. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालो आणि अजून वडिलांनी बरं म्हणावं असं वाटतं, हे लिहितानाही लाज वाटते.

२५ ऑगस्ट

प्रकाशकांनी तोड काढलीय. मुख्याध्यापक खटला करणार नाहीत, एका अटीवर. मी लिहून द्यायचं, की सदर पात्र मी त्यांच्यावरूनच बेतलं, त्याचा मला खेद आहे. शिल्लक प्रती रद्दीत जातील. ते झालं की प्रकाशक खण उघडतील आणि दुसऱ्या पुस्तकाचा करार करतील. गुरुवारी सही.

"एक पुस्तक गेलं तर गेलं," ते म्हणाले. "लेखक वाचतो ना. तुम्ही लिहिणारे आहात, आणखी लिहाल."

वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "खोटं आहे, पण सुरक्षित आहे. तुम्ही ठरवा."

मी ठरवलंय. सही करणार.

जेवताना सांगितलं. आई भात वाढताना थांबली. बाबांनी विचारलं, "तू त्यांच्यावरून लिहिलं नाहीस असं म्हणालास."

"नाहीच लिहिलं."

"मग सही कशाची?"

"यातून सुटण्याची."

"आणि पुस्तक?"

"लगदा करतात त्याचा. पुठ्ठे बनवतात."

बाबा ताटावरून उठले. भाजी तशीच राहिली. आयुष्यात मी त्यांना ताटात काही टाकताना पाहिलेलं नाही. माझ्यावर रागावलेत हे उघड आहे. नोकरी सोडली तेव्हाच रागावले असणार, आता बाहेर आलं. मुलगा लेखकही धड झाला नाही, असं वाटत असेल.

२७ ऑगस्ट

आज जीव टांगणीला लागला होता. सगळं लिहून काढतो, तरच शांत होईन.

दुपारी आई जरा आडवी झाली होती, मी लिहायचं नाटक करत होतो. थेंब घालायला गेलो तर बाबांचा पलंग रिकामा. चपला होत्या, बूट नव्हते. काळा चष्मा नव्हता. डॉक्टरांनी बाहेर पडायचं नाही म्हणून बजावलेलं, एका डोळ्याने रस्ता किती लांब आहे कळत नाही, पायरी चुकली तर संपलंच. मी आधी बागेत पळालो, मग वाचनालयात, मग डोळ्यांच्या दवाखान्यात. चौकातल्या चांभाराने बसथांब्याकडे जाताना पाहिलं म्हणे. कुठल्या बसने, ते त्याला माहीत नाही.

घरी परतलो तर आई दारात खुर्ची टाकून बसलेली. मी पोलिसांत जाऊया म्हणालो.

"येतील," ती म्हणाली.

"अगं, एक डोळा बांधलेला आहे त्यांचा!"

"येतील रे." मग मध्येच म्हणाली, "त्या मुख्याध्यापकांचा पत्ता नोटिशीवर असतो ना?"

मला संतापच आला. नवरा हरवलाय आणि हिला नोटीस सुचतेय. "असतो," म्हटलं, "पण आत्ता त्याचं काय?"

ती पदराने खुर्चीचा हात पुसत राहिली.

दिवे लागायच्या सुमाराला रिक्षा थांबली. बाबा उतरले, पैसे दिले, पायऱ्या कठड्याला धरून एकेक चढले. बूट धुळीने पांढरे. मी धावत खाली गेलो तर हात झटकला.

"कुठे गेला होतात?"

"पाय मोकळे करायला."

"रिक्षातून?"

"येताना दमलो."

मी बोलायचं ते सगळं बोललो. जबाबदारी, ऑपरेशन, आईचं वय. ते खाली मान घालून ऐकत होते, जे त्यांनी कधीच केलेलं नाही. आईने त्यांना पलंगावर आडवं केलं आणि थेंब घातले. पहिला थेंब गालावर पडला. बाबांनी तिचं मनगट धरलं आणि डोळ्यावर आणलं. मी दारात उभा होतो. आपण चुकून भलत्याच कोणाच्या खोलीत आलो आहोत असं वाटलं, म्हणून निघून आलो.

उद्या सही आहे.

२८ ऑगस्ट

सही झाली नाही. सकाळी निघणार तोच फोन वाजला. आवाज म्हातारा पण खणखणीत. स्वतः मुख्याध्यापक.

"आज कशावरही सही करू नका. उद्या माझ्याकडे या. एकटे या. वकील नकोत."

वकीलबाई म्हणाल्या, अजिबात जाऊ नका, तुमच्या तोंडून काहीतरी वदवून घेतील. प्रकाशक म्हणाले, जा, पण काही कबूल करू नका. बायको म्हणाली, "जा."

२९ ऑगस्ट

दोन बस बदलून गेलो. तळमजल्यावरचं घर, पुढे तुटपुंजी बाग. मुख्याध्यापकांनी स्वतः दार उघडलं आणि डावा पाय ओढत आत नेलं. मला ओशाळल्यासारखं झालं. मी लिहिलेला माणूस माझ्यापुढे चालत होता, आणि तरी हा तो नव्हता. तो उंच आणि कोरडा आहे. हे ठेंगणे आहेत, आणि पाणी आणून देताना पेल्याबरोबर बशी द्यायला विसरले म्हणून परत आत गेले.

मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो, की माझा कोणालाही दुखावण्याचा हेतू नव्हता.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "परवा तुमचे वडील इथे आले होते. तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर बसले होते."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मला वाटलं, मुलासाठी रदबदली करायला आलेत. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की मी माघार घेणार नाही. ते म्हणाले, माघार मागायला आलो नाही, एक चूक दुरुस्त करायला आलोय. या पुस्तकात तुम्ही स्वतःला पाहिलंत, पण तिथे तुम्ही नाही. मी आहे."

"नाही नाही," मी म्हणालो. "त्यांचा गैरसमज झालाय. बाबांचा या पात्राशी काही संबंध नाही. ते तर शाळेत कधी..."

"मीही तेच विचारलं. म्हटलं, आपण शिक्षक होतात का? ते म्हणाले, नाही. बाप होतो."

काचपेटीतलं यंत्र गुरगुरत होतं. एक मासा काचेशी येऊन उलटा फिरला.

"मला आधी पटलं नाही," ते म्हणाले. "मग बघितलं, बोलायला लागण्याआधी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून या टेबलावर ठेवलं होतं. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं."

मी त्या टेबलाकडे बघत राहिलो. त्याच्यावर काहीच नव्हतं. आणि मला आमचं जुनं स्वयंपाकघर दिसलं. आई वाढतेय. बाबा तेव्हा आमच्याकडे राहणाऱ्या आत्याला विचारतायत, भात हवा का. आईला विचारतायत. मग माझ्या ताटावरून त्यांची नजर पुढे जाते, भिंतीकडे. दुसऱ्या दिवशीही जाते. मी घसा खाकरतो, मुद्दाम पेला पाडतो. आई पाणी पुसते आणि वर बघत नाही. किती दिवस चाललं ते मला सांगता येणार नाही. मी जेवताना बोटांनी स्वतःच्या मांडीला चिमटे काढायचो, मी तिथे आहे का हे बघायला. ते मी पुस्तकात लिहिलंय. तो मुलगा बाकाखाली तसंच करतो. ते वाक्य मला सुचलं म्हणून मी केवढा खूश झालो होतो.

मुख्याध्यापक मला बघत होते. बशी त्यांच्या हातातच राहिली होती.

"आता माझं ऐका," ते म्हणाले. "मी नोटीस पाठवली ती पुस्तक खोटं आहे म्हणून नाही. मीसुद्धा एका मुलाचं नाव गाळलं होतं. थोडेच दिवस. वर्गाला धडा म्हणून. पुस्तक वाचलं आणि वाटलं, त्यानेच हे नाव बदलून लिहिलंय. इतक्या वर्षांनी माझा हिशोब मागतोय. वकिलाकडे पळत गेलो. तुमच्या वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, हा मुलगा तुमचा नाही, माझा आहे. तुमचा तुम्ही शोधा."

"मग?"

"शोधतोय. जुन्या मुलांना विचारतोय. कोणालाच तो आठवत नाही. मी काम चोख केलं होतं."

नोटीस मागे घेतल्याचं पत्र त्यांनी वकिलाला कालच दिलंय. दारापर्यंत सोडायला आले. "पुस्तक छापा," म्हणाले. "आणि माझा पाय लंगडा आहे तो पोलिओने, हे तुम्हाला कोणी पत्रकार भेटला तर सांगा. लोकांना वाटतं मी ऐटीत चालतो."

३१ ऑगस्ट

दोन दिवस बाबांच्या खोलीत गेलो नाही. जेवायला बसलो तेव्हा ताटाकडे बघून जेवलो. बायको म्हणाली, "आता तू सुरू करू नकोस." तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करतोय ते.

तिला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"कच्चा खर्डा वाचला तेव्हापासून. मला वाटलं तू जाणूनबुजून लिहिलंयस. मग वाटलं, विचारलं तर लिहायचा थांबशील."

प्रकाशकांचा फोन आला. आनंदात होते. दुसरी आवृत्ती, करार, वाचनालयातली मुलाखत, सगळं एका दमात. मी हो म्हणालो. आनंद झाला नाही असं नाही. पण मन खातंय. मला वाटत होतं, मी शून्यातून माणूस उभा केला. प्रत्यक्षात तो घरात बसून जेवत होता. मग मी लेखक आहे की नुसताच तक्रार करणारा मुलगा, ज्याला तक्रार कोणाची आहे तेही ठाऊक नव्हतं? आणि ज्याच्यावर लिहिलं तो एका डोळ्याने शहर ओलांडून गेला, माझं पुस्तक वाचवायला.

२ सप्टेंबर

आज गेलो. सकाळची वेळ होती. बाबा खिडकीशी खुर्चीत, डोळ्यावरचं झाकण निघालेलं. आई पलंगावर मटार सोलत होती. मला वाटलं ती उठून जाईल, पण उठली नाही.

मी म्हणालो, "मुख्याध्यापकांनी नोटीस मागे घेतली."

"हं. बरं झालं."

"तुम्ही तिथे गेला होतात."

"जवळच आहे."

"दोन बस बदलाव्या लागतात, बाबा."

ते बाहेर बघत राहिले. मी पुढे काय बोलणार होतो कोण जाणे. एवढी पानं लिहिली, पण इथे एक वाक्य जुळेना. मी म्हणालो, "मला खरंच माहीत नव्हतं. लिहिताना."

"ते कळलं मला. माहीत असतं तर तू जपून लिहिलं असतंस." मग म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. एक ठिकाणी चुकलंयस."

"कुठे?"

"आनंद म्हणालास ना. धाक दाखवण्यात आनंद वाटतो म्हणालास. तसं नव्हतं." त्यांनी हात मांडीवर पुसले. "पहिल्या दिवशी राग होता. दोन-चार दिवसांत गेला. मग बोलायचं तर काय म्हणून बोलायचं? मीठ दे म्हणून? शाळेत काय झालं म्हणून? रोज ठरवायचो आज बोलू. तू समोर येऊन बसलास की सुरुवात सापडायची नाही. जितका उशीर व्हायचा तितकं पहिलं वाक्य अवघड व्हायचं. मग तुला ताप आला. खूप चढला. तेव्हा घाबरून तोंडातून तुझं नाव गेलं, म्हणून सुटलो मी."

तापाचं मला काही आठवत नाही. मी तसं सांगितलं.

"तुला कसं आठवेल. तू ग्लानीत होतास. पुस्तकातही नाहीये ते."

"नाहीये."

"तू मुलाच्या बाजूने लिहिलंस. ते बरोबरच आहे. त्याची बाजू घ्यायला दुसरं कोण होतं?"

आईची बोटं थांबली. मग परत शेंग फुटल्याचा आवाज आला.

मी विचारलं, "कशावरून झालं होतं ते सगळं?"

"तेच आठवत नाही," बाबा म्हणाले. "तुझी आई वाचत होती तेव्हापासून आठवतोय."

"मलाही आठवत नाही."

"मला आठवतं," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. तिने वर पाहिलं नाही.

"सांगणार नाही. तेव्हा मी मध्ये पडले नाही, तर आता कशाला पडू? आहात ना समोरासमोर. आठवा दोघं."

बाबांनी मला खूण केली तशी मी पलंगाच्या कडेला बसलो. ते म्हणाले, "सायकलवरून असेल. तू सायकल पाडली होतीस."

"सायकल नंतर घेतली. आपण इकडे राहायला आल्यावर."

"मग गणित. गणितात कमी पडले होते."

"गणितात मला कधी कमी पडले नाहीत."

"पडले होते," बाबा म्हणाले. "सहावीत. मी सही केलीय त्याच्यावर."

"सहावीत नाही, सातवीत. आणि ते भूगोलात."

"बघ, म्हणजे पडले होते."

आईने शेंगांची परात माझ्याकडे सरकवली आणि दाण्यांचं भांडं स्वतःकडे घेतलं. मी एक शेंग उचलली. बाबाही पुढे वाकायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "वाकायचं नाही अजून," आणि मूठभर शेंगा त्यांच्या मांडीवर ठेवल्या.